दारकुंडे साहेबांचं अर्धं ब्लेड

दारकुंडे साहेबांच्या शर्टाच्या खिशात दाढीचं अर्धं ब्लेड असायचं, कागदात गुंडाळलेलं. ते दाढीसाठी नव्हतं, नावं खरवडण्यासाठी होतं. कुठल्याही वस्तूवर कंपनीचं नाव दिसलं की साहेबांची बोटं आपोआप खिशाकडे जायची. पेन, टॉर्च, सायकल, टेबलफॅन, चष्म्याची काडी, घरातल्या एकूणएक वस्तूवरचं नाव त्यांनी खरवडून काढलं होतं. ब्लेडवरचं नाव मात्र पोलादात उठवलेलं, ते काही जाईना. म्हणून त्यांनी ब्लेडच मधोमध मोडलं. अर्ध्या नावाला त्यांची हरकत नव्हती.

माणूस म्हणून ते मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की शेवटी बाईंना गहिवरून येणार. येणार नाही.

मी तेव्हा नगरजवळ भिंगारला वाचनालयात नोकरीला होते. जुन्या बाजाराच्या तोंडाशी एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल आणि पेपर वाचायला येणारे पेन्शनर. साहेब त्यांच्यातलेच. लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन नोकरी, आलेला माल तपासून घ्यायचं काम. नोकरी संपली तरी तपासणं संपलं नाही. पेपर हातात घेतला की आधी जाहिरातीची पानं बाजूला काढून, उलटी घडी घालून टेबलाखाली ठेवायचे. इतर म्हातारे त्यावर चिडायचे, कारण नोकऱ्या आणि स्थळं त्याच पानांवर असत. साहेब सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे, चहावाल्या पोऱ्यालासुद्धा. ‘तुम्ही’ म्हणून माणसाला किती लांब ठेवता येतं, ते त्यांच्याकडून शिकावं.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले होते. भिंतीवर किराणा दुकानातून मिळतं तसलं कॅलेंडर होतं. त्यातलं दुकानदाराचं नाव कापलेलं. नाव लक्ष्मीच्या पायाशी छापलेलं होतं, त्यामुळे लक्ष्मीचे पाय आणि कमळही गेलं होतं. कंबरेपासून वरची लक्ष्मी भिंतीवर अधांतरी. त्यांच्या बायको, त्या तेव्हा होत्या, मला हळूच म्हणाल्या, “रोज हात जोडताना पाया कुठं पडू तेच कळत नाही बघा.” आतून साहेबांचा आवाज आला, “कुणाला पडताय? देवीला का दुकानदाराला?”

निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. साहेबांनी खेळ काढला. डेपोत असताना जवानांचा एक सराव त्यांनी पाहिला होता. अधिकारी डोंगरात डबा लपवायचे, खुणा सांगायचे आणि जवानांनी तो शोधायचा. साहेबांनी हाच खेळ साध्या माणसांसाठी आणला. भंगारवाल्याकडून बंदुकीच्या गोळ्यांचे रिकामे पत्र्याचे डबे आणले, त्यांना हिरवा रंग दिला. मंडळातल्या कुणीही असा एक डबा जिल्ह्यात कुठेही लपवायचा, एखाद्या किल्ल्यावर, ओढ्याकाठी, धरणाच्या खालच्या अंगाला, आणि त्याची खूण तीन-चार ओळींत लिहून साहेबांकडे द्यायची. साहेबांनी मंजूर केली की ती वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर लागायची. मग रविवारी बाकीच्यांनी एसटीने जायचं आणि शोधायचं. डब्यात एक वही, एक पेन्सिल आणि काहीतरी किडूकमिडूक. ते आपण घ्यायचं, आपलं काहीतरी ठेवायचं, वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून परत यायचं. फळ्यावर खडूने खूण लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं होतं.

मंडळाचं नाव शोधक मंडळ. बाजारात आम्हाला डबा मंडळ म्हणत. रविवारी सकाळी स्टँडवर जमलो की रिक्षावाले हटकायचे, “काय साहेब, डबा घेऊन कुठं निघाले?” आणि अख्खा स्टँड हसायचा. साहेब शांतपणे खुलासा करायचे, “डबा तिथेच आहे. आम्ही नुसते जाऊन येतो.” मग तर लोक खांबाला धरून हसायचे.

खेळ छान होता, खोटं कशाला बोलू. बँकेतले, शाळेतले, डेपोतले चाळिशी उलटलेले बाप्ये दगड उलटे करत हिंडायचे आणि डबा सापडला की पोरांसारखे ओरडायचे. वर्षअखेरीला ज्याच्या सह्या जास्त त्याला एक पितळी होकायंत्र मिळायचं. त्या होकायंत्रासाठी ही माणसं वेडी झाली होती. घरी लग्नकार्य असलं तरी रविवार चुकवायची नाहीत.

फक्त नियम होता. नियम एकच, पण तो साहेबांच्या हातात होता. खुणेत व्यापारी मजकूर नसावा. दुकान नको, हॉटेल नको, दवाखाना नको, मालाचं नाव नको, पुढाऱ्याचं नाव तर नकोच. डब्यातल्या वस्तूवर छाप नको. पेन्सिलीवरचा रंग सोलून तिचं नुसतं लाकूड ठेवायचं. “आपण शोधक आहोत,” साहेब म्हणायचे, “गिऱ्हाईक नाही. शोधायची गोष्ट शोधायची, विकायची गोष्ट विकायची. दोन्हींना एका पंगतीत बसवलंत की शोधणारा जेवायच्या आधीच विकला जातो.”

हे वाक्य मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं. त्याचाच मला जास्त राग येतो. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला हसून सोडून देता येतं.

खूण मंजूर करून घेणं म्हणजे वर्गात उभं राहण्यासारखं होतं. साहेब टेबलाच्या टोकाला बसायचे, लाल पेन्सिल घेऊन. हुंडेकरी मास्तरांनी एकदा राहात्याकडे डबा लपवला. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, खूण नेमकी लिहिली होती: पेरूच्या बागेच्या मागल्या अंगाला, चारीच्या कडेला, निंबाच्या बुंध्यात.

“बाग कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“असेल कुणाची तरी. मला काय ठाऊक?”

“पेरू विकतो?”

“विकतच असणार, साहेब. एवढे पेरू घरी कोण खाणार?”

“मग ही जाहिरात झाली.” पेरूची बाग गेली. पेन्सिल पुढे सरकली आणि निंबावर थांबली.

“निंबाने काय केलं?” मास्तर म्हणाले.

“निंबोळीची पेंड विकतात.”

उरलं ते मी फळ्यावर लिहिलं: मागल्या अंगाला, चारीच्या कडेला, बुंध्यात. लिहिताना मला हसू आवरेना. पण गोरखे नावाचा नवा पोरगेला क्लार्क त्या रविवारी एवढ्या खुणेवर राहात्याला गेला. पाण्याच्या चारीच्या कडेची झाडं एकेक करून चाचपत तो बागेत शिरला आणि राखणदाराने त्याला पेरूचोर समजून बडवला. सोमवारी तो वाचनालयात आला तो हात गळ्यात बांधून. ओठ सुजलेला.

साहेबांनी पेपरावरून मान वर केली. “डबा सापडला का?”

“नाही, साहेब. मला मारलं तिथं. तो बागवाला आहे ना, त्याचं नाव...”

“नाव घेऊ नका,” साहेब म्हणाले. “जाहिरात होते.” आणि परत पेपरात घुसले.

गोरखे माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला पाणी दिलं. तो पुढच्या रविवारीही गेला, गळ्यात हात बांधलेलाच. त्यालाही होकायंत्र हवं होतं.

त्यांच्या बाजूचं एक सांगते, नाहीतर अन्याय होईल. एकदा चहापत्तीचा एक एजंट वाचनालयात आला. गोड बोलणारा, तेल लावून भांग पाडलेला. मंडळाचा एसटीचा खर्च कंपनी करेल म्हणाला, फक्त डब्यांवर चहाचं नाव रंगवायचं आणि प्रत्येक डब्यात एक पुडी ठेवायची. आता साहेबांना चहाचं व्यसनच होतं. बशीत ओतून, डोळे मिटून, आवाज करत प्यायचे. जगात तेवढी एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडताना मी पाहिली. एजंटने नमुन्याची पुडी टेबलावर ठेवली. वास छान होता. साहेबांनी पुडी उचलली, हुंगली, परत त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “तुमचा चहा उत्तम आहे. म्हणूनच घेऊन जा.” त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. तो दिवस मी त्यांच्या नावावर जमा धरते. दुसरा सापडत नाही.

त्यांना एक मुलगा, विलास. बारावीनंतर काही जमलं नाही, तेव्हा त्याने घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान घातलं. साहेबांनी खोली दिली, पण पाटी लावू दिली नाही. “माल चांगला असेल तर लोक शोधत येतील.” खोलीचं दार गल्लीच्या आतल्या बाजूला. बिनपाटीचं दुकान. आतली बरणी बाहेरून दिसायची नाही. लोक काही शोधत आले नाहीत. गल्लीतली दोन घरं तेवढी मीठ-मिरची न्यायची, तीही उधार. वर्षाच्या आत दुकान बंद पडलं आणि विलास बाजारात सायकलच्या दुकानावर पंक्चर काढायला बसला. साहेब तिथून जाताना रस्ता बदलायचे. लाज वाटायची म्हणून नव्हे. त्या दुकानाची पाटी फार मोठी होती म्हणून.

आता देवरामचं सांगते. खरं तर हे सगळं त्याच्यासाठीच सांगते आहे, त्याच्यासाठी आणि हौसाबाईंसाठी.

देवराम लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. अकोले तालुक्याच्या डोंगरातला. बोलायला कमी, चढायला पटाईत. मंडळात तो नेहमी सगळ्यांच्या मागून चालायचा आणि डबा मात्र त्याला आधी दिसायचा. दिसला तरी गप्प राहून दुसऱ्याला सापडू द्यायचा. त्याची बहीण हौसा, नवऱ्याने टाकलेली. भंडारदऱ्याच्या अलीकडे एका फाट्यावर तिची चहाची टपरी होती. तिथे एसटी थांबायची आणि खालच्या वाड्यांची माणसं उतरायची. पण पुढच्या गावात जीपगाड्यांचा अड्डा झाला आणि फाट्यावर उतरणारं माणूस आटत गेलं. देवरामने मला एकदा फळा पुसता पुसता सांगितलं होतं, “बाई, यवढा हिवाळा निघाला ना, तर ती टिकती. न्हाई तर माझ्या दारात यायची. आन माझ्या बायकोची जीभ तुमाला ठाव न्हाई.”

म्हणून त्याने फाट्याच्या वरच्या कातळात डबा लपवला. यात लबाडी म्हणाल तर होती, पण किती? आमची पंचवीस-तीस माणसं आळीपाळीने थंडीभर तिकडे गेली असती. चहा प्यायली असती. हौसाबाईंचं नाव त्याने खुणेत घातलं नव्हतं. त्याला नियम माहीत होता. त्याने लिहिलं होतं: फाट्यावर उतरा. टपरीच्या मागून पायवाट. ओढा ओलांडून कातळाखाली.

“टपरी कुणाची?” साहेबांनी विचारलं.

देवरामला खोटं बोलता येत नव्हतं. “माझ्या भनीची हाय, साहेब.”

“म्हणजे तुमचीच.” टपरीवर लाल रेघ.

“साहेब, तिथं दुसरी खूनच न्हाई. फाट्यावर टपरी हाय आन वर आभाळ हाय.”

“मग आभाळ लिहा.”

देवराम हसला. त्याला वाटलं साहेब गंमत करतायत. साहेब गंमत करत नसत. मी फळ्यावर लिहिलं: फाट्यावर उतरा. मागून पायवाट. ओढा ओलांडून कातळाखाली. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, “या वेळी मी स्वतः येणार.”

त्या रविवारी झाडून सगळे निघाले. थंडीचे दिवस, अकोल्याचा डोंगर, भातं काढून झालेली. मीही गेले. मला डबे शोधण्यात गोडी नव्हती, पण डोंगर बघायचा होता. एसटी फाट्यावर थांबली आणि आम्ही उतरलो, तसा आल्याचा आणि गवती चहाचा वास आला. टपरीपुढची जमीन सारवलेली होती. कुठूनतरी मागून आणलेलं एक जादा बाकडं मांडलेलं. मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता आणि परातीत बटाट्याची भजी. हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या होत्या. देवराम आदल्या दिवशीच येऊन सांगून गेला होता. एवढी माणसं त्या फाट्यावर एकदम कधी उतरली नसतील.

हुंडेकरी मास्तर भज्यांकडे निघालेसुद्धा. तेवढ्यात साहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात वर केला. “सूचना. सदरहू टपरी डबा लपवणाऱ्याच्या नात्यातली आहे. इथे जो काही विकत घेईल त्याची आजची सही बाद.”

मास्तरांचा हात परातीपर्यंत गेला होता. तो त्यांनी तसाच खिशात घातला. सगळे रस्ता ओलांडून समोरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि आपापले डबे उघडले. टपरीच्या अगदी समोर. कोरड्या चपात्या, चटणी.

हौसाबाईंना वाटलं, ही शहरी माणसं लाजतायत. त्यांनी पदर सावरून हाक मारली, “चा तयार हाय. या की!” एकानेही मान वर केली नाही. देवराम मध्येच उभा, ना इकडे ना तिकडे.

“हौसे, जरा दमानं घे,” तो म्हणाला. “मंडळींचा नियेम हाय.”

“कसला नियेम?”

“इथलं इकत घ्यायचं न्हाई.”

हौसाबाईंनी परातीकडे पाहिलं. “मंग फुकट घ्या म्हनावं. केलंय ते काय वाया घालवायचं?”

देवरामचा चेहरा उजळला. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घास चावून गिळला. “फुकट म्हणजे नमुना. नमुना म्हणजे जाहिरातच. तेही चालणार नाही.”

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. या माणसाला आपण काय बोललो ते कळतं का, हे बघायला मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चांगलं कळत होतं. वाफ वाऱ्याने आमच्याकडे येत होती आणि साहेबांचा गळा वरखाली होत होता. चहा त्यांना आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त हवा होता. बहुतेक त्याचाच त्यांना आनंद होत होता.

मग त्यांना ठसका लागला. कोरडी चपाती. ते उठले, रस्ता ओलांडून टपरीपाशी गेले. “पाणी मिळेल?”

हौसाबाईंनी तांब्या भरून पुढे केला. साहेबांनी तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. “पाण्याचे पैसे घेणार नाही ना तुम्ही?”

“पान्याचं कुनी पैसं घेतंय व्हय?”

“मग चालेल.” आणि त्या उकळत्या पातेल्याशेजारी उभं राहून ते वरून धार धरून घटाघटा पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला, रुमालाने मिशा पुसल्या आणि माघारी आले.

मला ते बघवेना. मी उठून गेले आणि म्हटलं, “मला एक चहा द्या. मला सही नको आहे.”

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पदराने काठ धरून पातेलं रस्त्याच्या कडेपर्यंत नेलं आणि सगळा चहा मातीत ओतून दिला. मग चूल विझवली. भजी देवरामच्या पिशवीत कोंबली. देवराम पिशवी धरून उभा होता.

डबा अर्थातच सापडला. कातळ इतका लहान होता की न सापडून जाणार कुठे? परतीच्या एसटीत साहेब खुशीत होते. “आज नियम परीक्षेला बसला,” ते म्हणाले, “आणि पास झाला.” मास्तर हसले. गोरखेही हसला. देवराम मागच्या सीटवर होता. ती भजी भिंगारपर्यंत तशीच आली.

त्यानंतर त्या फाट्यावर मंडळातलं कुणी फिरकलं नाही. एकाच फेरीत सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, परत जाण्याचं कारणच उरलं नव्हतं. होळीच्या आत टपरीचे कूड उतरले आणि हौसाबाई गाठोडं घेऊन भिंगारला भावाच्या दारात आल्या. देवरामची बायको, तिच्याबद्दल त्याने सांगितलं त्यात काही कमी नव्हतं. नणंदेचं ताट वेगळं, अंथरूण पडवीत. हौसाबाई चार घरची भांडी घासायला लागल्या. देवराम मंडळात येईनासा झाला. वाचनालयासमोरून जाताना फळ्याकडे बघायचाही नाही. साहेबांनी एकदा विचारलं, “ते स्वयंपाकी हल्ली दिसत नाहीत?” मी म्हटलं, “नाही दिसत.” त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, “हेतू शुद्ध नसला की असंच होतं.” मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, “साहेब, तुम्ही दुष्ट आहात.” ते रागावले नाहीत. विचार करून म्हणाले, “असेन. पण पक्षपाती नाही.”

पुढे मंडळ मेलं, ते त्यांनीच मारलं. साहेबांची लाल पेन्सिल दिवसेंदिवस पुढे जात राहिली. आधी दुकानं गेली, मग देवळं गेली, कारण बाहेर नारळ विकतात. मग एसटीचा थांबा गेला, कारण तिकीट विकतात. गावांची नावं गेली, कारण प्रत्येक गावचं काही ना काही बाजारात येतंच. मी फळ्यावर शेवटची खूण लिहिली ती अशी: डोंगरात आहे. कुणीतरी तिच्याखाली रात्रीतून लिहिलं, शोधा मग. त्यानंतर कुणी आलं नाही. साहेब एकटेच राहिले. ते एकटेच डबा लपवायचे, दुसऱ्या रविवारी जाऊन एकटेच शोधायचे आणि वहीत सही करायचे. वर्षअखेरीचं होकायंत्र त्यांनी स्वतःलाच दिलं. देण्याआधी तबकडीवरचं कारखान्याचं नाव खरवडलं, त्यात उत्तर दिशेची खूणही गेली. बायको त्या सुमारास वारल्या. तेराव्याच्या पत्रिकेवरची छापखान्याची ओळ साहेबांनी प्रत्येक पत्रिकेवरून स्वतः कापली.

मग माझी बदली लांबच्या तालुक्यातल्या शाखेत झाली आणि भिंगारशी संबंध सुटला. साहेबांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, एवढं कानावर आलं. मी भेटायला गेले नाही.

दोनेक वर्षांनी कामासाठी भिंगारला जाणं झालं. मुद्दाम नाही, पण पाय त्या गल्लीकडे वळले. आणि मी थबकले. विलासने पुढच्या खोलीची भिंत फोडून दुकान रस्त्याकडे काढलं होतं. घर ओळखू येईना. साबण, टूथपेस्ट, विडी, बिस्किटं, थंड पेयं, भिंतीची एक वीत मोकळी नव्हती. छपरावर हात पसरून बसलेली भलीमोठी पाटी: दारकुंडे जनरल स्टोअर्स. वरती दिवा. साहेबांनी आयुष्यभर नावं खरवडली, ती सगळी एका भिंतीवर परत आली होती, आणि मधोमध त्यांचं स्वतःचं.

पाटीखाली साहेब बसले होते. थंड पेयाच्या कंपनीने दिलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत. अंगात साबणाच्या कंपनीचा टी-शर्ट, छातीभर अक्षरं. डोक्यावर टूथपेस्टची टोपी. उजवी बाजू लुळी. डावा हात खुर्चीच्या हातावर, आणि अंगठ्याचं नख प्लास्टिकमध्ये उठवलेल्या नावावर सारखं फिरत होतं, घासत, घासत. नख झिजून आत गेलं होतं. अक्षरं जशीच्या तशी होती.

विलासने मला ओळखलं. “या, या, मॅडम. अण्णांना बाहेर बरं वाटतं. लोकांत असतात.” तो हसला. “टी-शर्ट फुकट आलाय. कापड चांगलंय, नाही का?”

मी हसले. खोटं हसले नाही. मला खरंच बरं वाटलं आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

दुकानाच्या पायरीवर शेगडी होती. शेगडीमागे हौसाबाई. केस पांढरे झालेले, पण पाठ ताठ. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर हिरव्या रंगात लिहिलं होतं: हौसाबाईंचा स्पेशल चहा. विलासने त्यांना जागा दिली होती, आणि त्या आता देवरामच्या पडवीत नाही, बाजारामागे स्वतःच्या खोलीत राहत होत्या. पुढे बाकडं होतं आणि बाकड्यावर बसायला जागा नव्हती.

साहेबांचे डोळे पातेल्यावर होते. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, ओळखलं, मी सांगते ओळखलं, आणि परत पातेल्याकडे वळले. घशातून एक आवाज काढला. शब्द नव्हता, पण काय हवंय ते कुणालाही कळलं असतं. नाकपुड्या फुगल्या होत्या. गळा वरखाली होत होता. मला तो मोरीचा कठडा आठवला.

हौसाबाईंनी गिऱ्हाइकाचे कप भरले. मग माठात बुडवून तांब्या भरून घेतला आणि उठून साहेबांपाशी गेल्या. एका हाताने त्यांची हनुवटी धरली. आई धरते तशी, अगदी हलक्या हाताने.

“घ्या साहेब, पानी घ्या,” त्या म्हणाल्या. “पान्याचं मी पैसं न्हाई घेत.”

साहेबांनी तोंड मिटून घेतलं. डोळे पातेल्यावर. हौसाबाई थांबल्या, त्यांना घाई नव्हती. शेवटी तोंड उघडलं. पाणी अर्धं आत गेलं, अर्धं वाकड्या ओठावरून साबणाच्या नावावर सांडलं. हौसाबाईंनी पदराने त्यांची मिशी पुसली, टोपी सरळ केली आणि परत शेगडीमागे जाऊन बसल्या. त्यांना हे रोजचं होतं, असं दिसत होतं. विलास बिस्किटांचे पुडे लावत होता, त्याने वळूनही पाहिलं नाही.

मग हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी, पण नीट पाहिलं. “तुमी मागितला हुता न्हवं का त्या दिशी?” त्या म्हणाल्या आणि कप भरला.

मी पैसे दिले. त्यांनी घेतले. बाकड्यावर जागा नव्हती म्हणून साहेबांच्या खुर्चीजवळ उभी राहूनच मी चहा प्यायले, सावकाश. आलं होतं, गवती चहा होता. साहेब माझ्या कपाकडे बघत होते. खाली नखाचा आवाज येत होता.

चहा उत्तम होता. मी आणखी एक घेतला.